लाट लहान करण्याची गोष्ट

दोस्तांनो, शांत तळ्यात बदक पोहताना तुम्ही पाहिलंय ना? बदक पुढं जातं आणि त्याच्या मागं पाण्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षर उमटत जातं. होडी गेली तरी तसंच, मोठं जहाज गेलं तरी तसंच. लॉर्ड केल्विन नावाच्या शास्त्रज्ञानं १८८७ साली गणित करून दाखवलं, की खोल पाण्यात या 'व्ही'चा कोन साधारण ३९ अंशांचा असतो, मग ते बदक असो की आगबोट! फार वेगानं धावणाऱ्या बोटींचा 'व्ही' मात्र यापेक्षा अरुंद दिसतो. मागं उठणाऱ्या या लाटेला इंग्रजीत 'वेक' म्हणतात. आज सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका लाटेची. ती लाट आम्हाला लहान करायची होती.

'लाट लहान करायची? ती कशाला बुवा?' असं तुम्ही विचाराल. सांगतो.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्तानं बरीच वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतोय. या राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. कुणाला वाटेल, हे जरा जास्तच सांगतायत. पण खरं म्हणजे ते कमीच सांगतात. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात! हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि माणसं त्यावर चालतात. उन्हाळा आला, की तीच माणसं पाण्यात उतरतात. त्यातलाच एक लाडका खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग. पायांत लांब फळ्या अडकवायच्या, हातात दोरी धरायची आणि पुढं पळणाऱ्या मोटरबोटीनं आपल्याला पाण्यावरून ओढत न्यायचं.

हा खेळ जन्मला तोही मिनेसोटातच. १९२२ साली लेक सिटी नावाच्या गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा मुलगा राहत होता. बर्फावर घसरता येतं, तर पाण्यावर का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. बुडाला! मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. पुन्हा बुडाला! शेवटी त्यानं आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि चामड्याचे पट्टे ठोकले. भाऊ बोट चालवायचा, हा मागं दोरी धरायचा. २ जुलै १९२२ रोजी फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवून, अंग मागं झुकवून तो उभा राहिला आणि पाण्यावर तरंगत निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता!

आता आमच्या शेजारी येऊ. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. तिकडं शेजाऱ्यांना सर्रास नावानं हाक मारतात, पण माझी जीभ काही त्याला वळत नाही. मी त्यांना आजोबाच म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांची नात माझ्या मुलीच्या वर्गात. २०१८ साली दोघी तेरा वर्षांच्या होत्या. नातीला स्लॅलम शिकायचं होतं. स्लॅलम म्हणजे वॉटर स्कीइंगची शर्यतच. एकच स्की, त्यावर दोन्ही पाय पुढंमागं. बोट सरळ रेषेत जाते आणि खेळाडूनं डावीकडं एक, उजवीकडं एक, अशा सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा. हे बोये मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब असतात. म्हणजे प्रत्येक बोयाकडं जाताना बोटीमागची लाट ओलांडावी लागते. गंमत म्हणजे पट्टीचे खेळाडू दोरी आखडत आखडत साडेअकरा मीटरहूनही आखूड करतात आणि अंग झोकून देऊन बोया गाठतात!

नातीचं घोडं लाटेपाशीच अडत होतं. लाटेवर चढली की स्की हवेत उडायची आणि ती धप्पकन पाण्यात. उन्हाळाभर हेच चाललं. शेवटी एक दिवस तिनं स्की गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मला नाही जमत. मी सोडते."

आजोबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोटीत बसवलं आणि म्हणाले, "तू इंजिनियर ना? मागं बघत बस. मला सांग, ही लाट एवढी उंच का येते?"

आता लाट कशी तयार होते, ते आधी समजून घेऊ. उभी असलेली बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजचा नियम तुम्ही शाळेत शिकलाच असाल. बोट वेगानं धावू लागली, की पाणी तिला खालून उचलू लागतं आणि ती पाण्यात कमी बुडते, बरीचशी पाण्यावरून घसरत जाते. तरीही तिचं वजन पाण्यानंच पेललेलं असतं. त्यामुळं बोट पुढं सरकली, की तिच्या मागं पाण्यात एक खळगा उरतो. दोन्ही बाजूंचं पाणी तो खळगा भरायला धावतं, आणि त्यातूनच मागची लाट उठते. बोट जड, तर खळगा खोल. खळगा खोल, तर लाट उंच.

वेग वाढवला, की बोट आणखी वर उचलली जाते आणि लाट चपटी होते. ताशी ५५ किलोमीटरनं जाणाऱ्या मोठ्या खेळाडूंना ती फारशी त्रास देत नाही. पण शिकाऊ मुलं ताशी ४०-४५ किलोमीटरनं जातात, आणि त्या वेगाला लाट चांगलीच उभी असते. पाहा कसा उलटा न्याय! ज्यांना सवय कमी, त्यांच्याच वाट्याला मोठी लाट!

आजोबांची बोट १९ फुटांची, १९८० च्या दशकात बनलेली, फायबर ग्लासची. कितव्या तरी मालकाकडून त्यांनी ती स्वस्तात घेतली होती. वॉटर स्कीइंगसाठीच बनवलेल्या अशा बोटींत लाट लहान राहावी म्हणून इंजिन मुद्दाम मधोमध बसवतात. मग हिची लाट एवढी का? मला एकच शंका आली. ही बोट दिसते त्याहून जड असली पाहिजे.

शंका आली, की मोजावं. सांगलीकडं साखर कारखान्यावर उसाची गाडी कशी मोजतात, ठाऊक आहे ना? आधी भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी. वजाबाकी केली, की ऊस किती ते कळतं. आम्ही तेच केलं. ऑक्टोबरात बोटीतलं पेट्रोल संपत आणलं, दोऱ्या, जॅकेटं, सगळं सामान बाहेर काढलं आणि ट्रेलरसकट बोट ट्रकच्या काट्यावर नेली. तिकडचा काटा पौंडात दाखवतो, मी तुम्हाला किलोत सांगतो. बोट आणि ट्रेलर मिळून १,६९० किलो. नुसता ट्रेलर ४५० किलो. म्हणजे बोट १,२४० किलो. आणि बोटीच्या जुन्या माहितीपत्रकात वजन होतं १,०३० किलो!

दोनशे दहा किलो जास्त! म्हणजे धट्टीकट्टी तीन माणसं कुठंतरी लपून बसली होती आणि आजोबा त्यांना वर्षानुवर्षं तळ्यावरून फिरवत होते.

ती कुठं लपली होती, ते नोव्हेंबरात बोटीची फरशी उचकटल्यावर कळलं. अशा जुन्या बोटींत फरशीखाली लांबीच्या दिशेनं लाकडी तुळया असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेत पिवळसर फोम भरलेला असतो. हा फोम फार कामाचा. बोटीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून तो असतो. त्यात हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असतात, त्यामुळं पाणी शिरायला नको. पण तीस-पस्तीस वर्षं पाण्यात राहिल्यावर काय होतं? गालिचातून पाणी झिरपतं, स्क्रूच्या भोकांतून उतरतं, खाली साचून राहतं. कप्पे एकेक करून फुटतात आणि फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो. वरून बोट चकचकीत, खालून ओलीगच्च!

मुलींनी एक हुशारी केली. एक लिटरचा डबा घेतला, त्यात मावेल एवढा फोमचा तुकडा कापला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. कोरडा असता तर तो साधारण ३२ ग्रॅम भरला असता. काट्यानं दाखवलं ६१० ग्रॅम! तुकडा पिळला तर पाण्याची धार लागली. दोन शनिवार-रविवार खरवडून आम्ही तो सगळा फोम बाहेर काढला. पोत्यांत भरून मोजला, तर १८० किलो. तेवढाच फोम कोरडा असता तर दहा किलोच्या आसपास भरला असता. तुळयाही खालून कुजल्या होत्या. सुताराचा जीव हळहळला. टोचणी घातली, की लाकूड ओल्या बिस्किटासारखं सुटायचं.

नात तो ढीग बघत उभी होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी पडत होते ते... याच्यामुळं?"

आजोबा म्हणाले, "काही याच्यामुळं, काही तुझ्यामुळं. याचा वाटा मी काढतो. तुझा वाटा तू काढ."

मला हे फार आवडलं. 'सगळा दोष बोटीचा' असं म्हणून त्यांनी तिला खूश केलं नाही, आणि 'सगळा दोष तुझा' असंही म्हटलं नाही.

पण खरा वाद पुढं झाला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जागा आता रिकामी झालीच आहे. पुन्हा फोम भरायचाच कशाला? आणखी दहा किलो वाचतील." नातीनं लगेच तिची री ओढली. खरं सांगायचं तर हिशेबात ते बरोबर दिसत होतं. हलकी बोट हवी ना? मग जेवढं काढता येईल तेवढं काढा!

आजोबांनी दोघींना कागद-पेन्सिल दिली. म्हणाले, "एक लिटर कोरडा फोम पाण्याखाली गेला तर किती वजन उचलून धरेल?" मुलींनी मांडलं. एक लिटर पाणी १,००० ग्रॅमचं. त्यातून फोमचे स्वतःचे ३२ ग्रॅम वजा. म्हणजे जवळजवळ ९७० ग्रॅम. बोटीत सव्वातीनशे लिटरच्या आसपास फोम मावत होता. म्हणजे तीनशे किलोहून जास्त वजन उचलून धरायची ताकद, आणि तीही दहा किलोच्या बदल्यात! इंजिन लोखंडाचं, ते तर दगडासारखं तळ गाठणार. फायबर ग्लासही पाण्यात बुडतो. बोटीत पाणी शिरलं, तर माणसांनी धरायचं काय? अमेरिकेत २० फुटांहून लहान मोटरबोटी बनवताना, पाणी भरल्यावरही त्या तरंगत राहतील एवढी सोय कारखान्याला करावी लागते, ती याचसाठी.

"हलकं करायचं म्हणजे दिसेल ते फेकायचं नाही," आजोबा म्हणाले. "जे कामाचं नाही, ते काढायचं. हे दहा किलो बोटीतले सगळ्यात कामाचे आहेत."

वाद तिथंच संपला.

मग हिवाळाभर काम चाललं. बाहेर उणे वीस अंश, गॅरेजात शेगडी. शेगडी हवीच, कारण फायबर ग्लास चिकटवायचं रेझिन फार थंडीत नीट वाळत नाही. नव्या तुळया बसवल्या आणि काचेचं कापड नि रेझिन वापरून त्यांना चहूबाजूंनी गुंडाळलं. घासण्याचं काम मात्र आम्ही मोठ्यांनीच केलं, तेही मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून. काचेची ती बारीक धूळ खाजकुयलीसारखी चावते आणि छातीत गेली तर वाईटच. फोम ओतायच्या दिवशी मुली दारात उभ्या राहून बघत होत्या. दोन पातळ द्रवं एकत्र ढवळून ओतली, की मिश्रण पंचवीस-तीस पट फुगून वर येतं. ढोकळा कसा फुगतो? तसाच, पण डोळ्यांदेखत मिनिटाभरात! या वेळी बुडाशी पाणी वाहून जायला मोकळी वाट ठेवली आणि स्क्रूचं एकेक भोक रेझिननं बंद केलं. जुन्या ओल्या जाड प्लायवूडऐवजी पातळ प्लायवूडला दोन्ही बाजूंनी काचेचं कापड लावून फरशी केली. जाड गालिचा गेला, मोठे स्पीकर गेले, एका आसनाखाली कुणीतरी ठेवलेली गंजकी साखळीही गेली.

मे २०१९ मध्ये बोट पुन्हा काट्यावर चढली. ट्रेलरसकट १,४९०. म्हणजे बोट १,०४०. बरोबर दोनशे किलो कमी!

आता एक गणित तुमच्यासाठी. दोनशे किलो कमी, म्हणजे बोट दोनशे लिटर पाणी कमी बाजूला सारणार. पाण्याच्या पातळीला या बोटीचं क्षेत्रफळ साधारण आठ चौरस मीटर आहे. तर उभी असताना बोट किती वर येईल? करा बरं! उत्तर येतं अडीच सेंटिमीटर. आम्ही शरद ऋतूतच बोटीच्या अंगावर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावून ठेवली होती. बोट पाण्यात सोडली आणि मुलींनी पट्टी लावून पाहिली. जवळपास दोन बोटं जागा सुटली होती!

एक काम मात्र अजून उरलं होतं. वजन किती, याइतकंच ते कुठं आहे, हेही महत्त्वाचं. हरिपूरच्या संगमावर लहानपणी मी नावेत बसायचो, तेव्हा नावाडी ओरडायचा, "ए, चार माणसं पुढं सरका!" त्याला आर्किमिडीज ठाऊक नसेल, पण मागं भार झाला की नाव रेटत नाही, हे पक्कं ठाऊक होतं. मोटरबोटीचंही तेच. मागं भार असला, की तिचा मागचा भाग पाण्यात दबतो, नाक वर येतं आणि मागची लाट उंच उठते. आम्ही बॅटरी मागून काढून पुढच्या आसनाखाली नेली. मग वीस लिटरचे पाण्याचे कॅन बोटीत इकडून तिकडं सरकवत फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत मुली मागच्या लाटेचे फोटो काढायच्या. भार फार पुढं नेला, तर नाक पाण्यात घुसतं आणि बोट वळताना ऐकत नाही, हेही कळलं. म्हणून मधोमधच्या किंचित पुढं थांबलो.

आणि लाट? ती नाहीशी झाली नाही. पाण्यावर वजन आहे तोवर लाट राहणारच. पण पूर्वी ती छोट्या भिंतीसारखी उभी यायची, ती आता उतरत्या रस्त्यासारखी झाली. पहिल्या दिवशी नात पाच वेळा पडली. पण पाचही वेळा लाटेवर नाही, वळणावर! आजोबा हसून म्हणाले, "आता हा तुझा वाटा." ऑगस्टपर्यंत ती सहापैकी चार बोये घेऊ लागली होती.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या धक्क्यावर एक बोट आली. त्यातली पोरं पंप लावून मोठमोठ्या रबरी पिशव्यांत तळ्याचं पाणी भरत होती, शेकडो लिटर! माझी मुलगी तर चक्रावलीच. आम्ही हिवाळाभर पाणी काढलं आणि ही मुद्दाम भरतायत? ती होती वेकबोर्डवाली मंडळी. त्यांना लाटेवरून उंच उडी मारायची असते, म्हणून त्यांना लाट हवी असते मोठी. त्यांच्या बोटींचं इंजिनही बऱ्याचदा मागं असतं. नियम तोच, फक्त हवं ते उलटं!

हा नियम तुम्हालाही घरी पाहता येईल. प्लॅस्टिकचा लांबट डबा घ्या, त्याच्या पुढच्या टोकाला दोरा चिकटवा आणि टबात किंवा हौदात तो एकसारख्या वेगानं ओढा. आधी रिकामा, मग दहा नाणी मधोमध ठेवून, मग तीच नाणी मागच्या टोकाला ठेवून. प्रत्येक वेळी मागं काय दिसतं ते वहीत चित्र काढून ठेवा. हौद असेल तर घरातलं मोठं माणूस जवळ हवं, बरं का! आणि भांडी घासायचा स्पंज आधी कोरडा, मग भिजवून काट्यावर ठेवा. आजोबांच्या बोटीत लपलेली ती तीन माणसं तुम्हालाही सापडतील. जमलं तर चित्रं आई-बाबांना दाखवा आणि विचारा, असं का झालं असेल? उत्तर लगेच सांगू नका. त्यांनाही जरा विचार करू द्या!